घरात पोलीस, पडद्यावर दरोडेखोर

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही पोलीस लाईनीत राहतो. माझे यजमान सहायक फौजदार आहेत, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत. सासरे हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांचे वडीलही खात्यातच होते. माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. बी.ए. झालाय आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे ग्राउंड, दुपारी अभ्यासिका.

मागच्या महिन्यात त्याने ‘स्टँडर’ नावाचा इंग्रजी चित्रपट पाहिला. दक्षिण आफ्रिकेतला एक पोलीस कॅप्टन जेवणाच्या सुट्टीत जाऊन बँका लुटतो. गोष्ट खरी आहे म्हणे. रात्री जेवताना मुलगा ती रंगवून सांगत होता. बोलता बोलता म्हणाला, “त्या माणसाचं काय चुकलं? सिस्टीमच सडलेली होती. मीपण तेच केलं असतं.” यजमान भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी एवढंच बोलले, “चोराचं कौतुक करणाऱ्याने वर्दीची स्वप्नं बघू नयेत.” तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. चहा झाला का, गाडीची चावी कुठे, सगळे निरोप माझ्यामार्फत. मुलगा ग्राउंडला जातो, पण त्याचं लक्ष नाही.

शेवटी माझ्या भाचीला बसवून मी तो चित्रपट पाहिला. ती थांबवून थांबवून अर्थ सांगत होती. खरं सांगते ताई, मलाही तो माणूस आवडला. तो तुरुंगातून पळाला तेव्हा मला बरं वाटलं. पोलिसाची बायको असून! मग रात्रभर झोप नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, असलं बघूनच पोरं बिघडतात. भाची म्हणते, उत्तम चित्रपट आहे, तुम्हाला कळला नाही. कोणाचं खरं मानू? या दोघांना बोलतं कसं करू? आणि मुलाला भरतीला बसू द्यावं का?

– एक आई

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर तो मनात ठेवून बाकीचं तुमच्याकडून नीट वाचून होणार नाही. मुलाला भरतीला बसू द्या. जेवताना तोंडातून गेलेल्या एका वाक्यावरून कोणाची लायकी ठरत नाही. त्याला थांबवायचं कारण एकच असू शकतं आणि ते या चित्रपटात नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता तुमच्या न झालेल्या झोपेबद्दल. तो माणूस तुम्हाला आवडला यात तुमचं काही चुकलेलं नाही. चित्रपट 2003 सालचा. दिग्दर्शिका ब्रॉनवेन ह्यूज, आंद्रे स्टँडरच्या भूमिकेत टॉमस जेन. तुम्ही आठवून बघा, कॅमेरा सतत कोणाबरोबर आहे? स्टँडरबरोबर. टोप लावताना, दाढी चिकटवताना, गाडीत बसताना, बँकेच्या दारातून आत शिरताना आपण त्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो. त्याची धडधड ती आपली धडधड. काउंटरमागची बाई पडद्यावर येते ती काही क्षण, नोटा काढून देण्यापुरती. तिचं नाव कळत नाही, घरी तिचं कोण आहे ते कळत नाही. दोन तास ज्याच्या सोबत राहिलो त्याची बाजू आपण घेतोच. जेनने कामही फार जीव ओतून केलंय. तो हसतो तेव्हा खट्याळ वाटतो आणि एकटा असताना आतून पोखरलेला दिसतो. ही त्या नटाची आणि दिग्दर्शिकेची ताकद. तुमच्या मनाला लागलेली कीड नव्हे ती.

भाचीचं म्हणणं आणि वहिनींचं म्हणणं, दोन्ही मी अनेकांकडून ऐकलंय. हा चित्रपट पाहिलेली माणसं साधारण अशीच वाटली जातात. काहींना तो चोर-पोलिसाचा थरार म्हणून आवडतो: सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या गाड्या, कपडे, एकामागून एक पडणाऱ्या बँका. काही म्हणतात, गुन्हेगाराला नायक करून ठेवलंय. आणि काहींची तक्रार याहून खोल आहे. मी त्यांच्यात मोडते. सुरुवातीला वर्णद्वेषी राजवटीचा, पोलीस निःशस्त्र काळ्या माणसांवर गोळ्या झाडतात असा, इतका भयंकर प्रसंग दाखवायचा आणि मग तो प्रश्न मागे सोडून तीन गोऱ्या पुरुषांच्या पळापळीत रमायचं, हे मला पटत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला ती काळी माणसं उत्तरार्धात जवळजवळ दिसेनाशी होतात. तरीही चित्रपट चांगला आहे असंच मी म्हणेन. कारण पाहून झाल्यावर माणसं भांडतात. तुमच्या घरी तेच झालं.

पण तुमच्या घरचं भांडण ज्यावरून पेटलं, ती माहिती सगळ्यांकडे अर्धीच आहे असं पत्रावरून दिसतं. म्हणून खरा स्टँडर कोण होता ते सांगते. हे मुलालाही वाचायला द्या.

आंद्रे स्टँडर 1946 साली जन्मला. वडील मेजर जनरल, सरकारी वर्दीतलं बडं प्रस्थ. त्यांच्या आग्रहापोटी पोरगा पोलिसात गेला. प्रशिक्षणात चमकला, भराभर वर चढला आणि जोहान्सबर्गजवळच्या केम्प्टन पार्कला गुन्हे शाखेत कॅप्टन झाला. 1977 च्या सुमाराला त्याने बँका लुटायला सुरुवात केली. विमानाने डर्बनला जायचं, वेषांतर करून बँक लुटायची आणि परत यायचं, असाही त्याचा शिरस्ता होता. तीनेक वर्षांत जवळपास 30 बँका त्याच्या नावावर लागल्या. ज्या मित्राला त्याने विश्वासाने सांगितलं तो सरकारी गुप्तचर खात्यातला निघाला आणि 1980 मध्ये स्टँडर विमानतळावर पकडला गेला. न्यायालयाने 75 वर्षांची शिक्षा सुनावली. बऱ्याचशा शिक्षा एकत्र भोगायच्या असल्याने प्रत्यक्षात ती 17 वर्षांची होत होती.

तुरुंगात त्याला दोघं भेटले, ॲलन हेल आणि ली मॅकॉल. ऑगस्ट 1983 मध्ये फिजिओथेरपीला नेलं असताना स्टँडर आणि मॅकॉल पहारेकऱ्यांवर झडप घालून पळाले. ऑक्टोबरअखेर दोघांनी परत येऊन हेललाही सोडवलं. मग तीन महिने देशभर त्यांचाच बोलबाला. कधीकधी एका दिवसात चार बँका. वर्तमानपत्रं भरभरून छापत होती आणि लोक त्यांना चक्क डोक्यावर घेत होते.

शेवट असा झाला. 30 जानेवारी 1984 ला जोहान्सबर्गच्या हॉटन भागातल्या त्यांच्या लपण्याच्या घरावर छापा पडला, त्यात मॅकॉल मारला गेला. स्टँडर तेव्हा अमेरिकेत फ्लोरिडात होता. लुटीच्या पैशांतून घेतलेली नौका विकायची खटपट चालली होती. 13 फेब्रुवारीला फोर्ट लॉडरडेलमध्ये एका पोलिसाशी झालेल्या झटापटीत गोळी लागून तो मेला. वय 37. हेल परदेशात पळाला. त्याने आधी ब्रिटनमध्ये आणि मग दक्षिण आफ्रिकेत शिक्षा भोगली. 2005 मध्ये तो पॅरोलवर सुटला आणि 2020 मध्ये वारला.

आता तुमच्या मुलाच्या वाक्याकडे येते: सिस्टीमच सडलेली होती.

होती. यात त्याचं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे तुमच्या यजमानांनीही मान्य करायला हवं. 16 जून 1976 ला सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, कारण त्यांना आफ्रिकान्स, म्हणजे गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून शिकायची सक्ती केली होती. पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन हा लहानगा त्यात गेला. त्याला उचलून धावणाऱ्या मुलाचं छायाचित्र जगभर पोचलं. पुढच्या काही महिन्यांत देशभर शेकडो माणसं मारली गेली. केम्प्टन पार्कला लागूनच टेम्बिसा नावाची काळ्यांची वस्ती आहे. चित्रपटात स्टँडरला तिथे दंगलीच्या बंदोबस्तावर पाठवतात आणि त्याच्या गोळीने एक निःशस्त्र तरुण मरतो. प्रत्यक्षात त्या दिवसांत स्टँडरच्या हातून काय घडलं, याचा पुरावा म्हणून तो प्रसंग धरू नये, तो चित्रपटातला प्रसंग आहे. पण अशा गोळ्या अनेक वर्दीवाल्यांनी झाडल्या आणि त्यातल्या बहुतेकांना कोणी जाब विचारला नाही, हा इतिहास आहे. पुढे कोर्टात चित्रपटातला स्टँडर म्हणतो की तुम्ही मला बँका लुटल्याबद्दल उभं केलंय, निःशस्त्र माणसं मारल्याबद्दल नाही. तो संवाद ऐकून एकवीस वर्षांच्या पोराचं रक्त तापलं नसतं तरच मला काळजी वाटली असती.

म्हणून मुलाशी बोलताना सुरुवात इथून करा. “तू म्हणालास ते बरोबर आहे. त्या मुलांवर गोळ्या झाडणं हा गुन्हाच होता.” हे वाक्य त्याला घरात कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. ते ऐकलं की पुढचं ऐकायला त्याचे कान मोकळे होतील.

आणि पुढचं असं आहे. टेम्बिसाचा आणि बँकेचा संबंध काय? स्टँडरने त्या वस्तीला काय परत दिलं? ज्याचा मुलगा गेला त्या घरात एक पैसा गेला नाही. लुटीतून हॉटनसारख्या श्रीमंत भागात भाड्याचं घर आलं, भारी गाड्या आल्या, नौका आली. त्याला गोरगरिबांचा वाली म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारते: गरिबाच्या हातात काय पडलं? चित्रपटात एक फार महत्त्वाची जागा आहे, ती सहज निसटते. सगळे पोलीस दंगलीवर गेलेत, अशा दिवशी गोरा माणूस काहीही करून सुटू शकतो, अशा अर्थाचं बोलणं होतं आणि त्यानंतर तो पहिली बँक लुटतो. काळ्यांवर गोळ्या झाडायला पोलीस गुंतलेत म्हणून गोऱ्याला मोकळं रान मिळालंय, आणि स्टँडर त्याच मोकळ्या रानाचा फायदा घेतो. ज्या व्यवस्थेचा त्याला उबग आलाय तिनेच दिलेली सूट तो वापरतो. त्याचा गोरा रंग, त्याची वर्दी, त्याची कॅप्टनची पदवी ही त्याची खरी हत्यारं. तोच माणूस काळा असता तर बँकेच्या दारात पोचण्याआधीच त्याच्याकडे पास, म्हणजे काळ्यांना सतत जवळ बाळगावा लागणारा परवाना, मागितला गेला असता.

याला व्यवस्थेविरुद्धचं बंड म्हणता येणार नाही. आतून तुटलेल्या माणसाने स्वतःला दिलेली ती ढील आहे. तो तुटला होता हे मी मानते आणि त्याबद्दल मला कणवही वाटते. पण आपल्या हातून माणूस मेला हे सहन न झालेल्याने अनोळखी बाईवर पिस्तूल रोखायचं, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

मुलगा यावर म्हणेल, “मग त्याने काय करायचं होतं?” हा रास्त प्रश्न आहे. त्याला उत्तर द्या, कारण उत्तर त्याच देशात आहे. 1989 मध्ये ऑल्मंड नोफेमेला नावाच्या काळ्या पोलिसाने फाशीच्या कोठडीतून सांगितलं की आम्ही पोलिसांच्या गुप्त मारेकरी पथकात होतो. पाठोपाठ त्या पथकाचा एकेकाळचा प्रमुख, कॅप्टन डर्क कोएट्झी, याने ‘फ्रेये वीकब्लाड’ या आफ्रिकान्स वर्तमानपत्राला सगळं सांगून टाकलं: फ्लाकप्लास नावाच्या शेतावर तळ होता, तिथून विरोधकांना मारायला माणसं जात होती आणि मी स्वतः त्यात होतो. कोएट्झीला देश सोडावा लागला. त्याच्यासाठी पाठवलेल्या स्फोटकाने 1991 मध्ये भेकी म्लांगेनी या वकिलाचा जीव घेतला. पुढे वर्णद्वेषी राजवट संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टूटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. तिथे वर्दीतल्या कितीतरी माणसांना मेलेल्यांच्या आईबापांसमोर बसून आपण काय केलं ते बोलावं लागलं. कोएट्झी साधुसंत नव्हता. त्याच्या हाताला रक्त होतं आणि त्याला आयोगाकडून मिळालेली माफी मृतांच्या घरच्यांना पटली नाही. पण स्टँडर आणि तो एकाच खात्याचे, एकाच हुद्द्याचे. एकाने नोटा उचलल्या. दुसऱ्याने आपलं नाव घेऊन, तोंड उघडून, खात्याची काळी बाजू जगापुढे ठेवली. सिस्टीम सडलेली असेल तर काय करायचं, याची चर्चा या दुसऱ्या माणसापासून सुरू करता येते. त्यावर चित्रपट पाहिल्यासारखी मजा येणार नाही, हे खरं.

आता त्या काउंटरमागच्या बाईकडे येते. तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी थोडं जास्त लिहिणार आहे.

स्टँडरबद्दलची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे दुपारी स्वतः लुटलेल्या बँकेत तो कधीकधी नंतर तपास अधिकारी म्हणून परत यायचा. प्रेक्षक इथे हसतात. तुमचा मुलगाही हसला असेल. आता तोच प्रसंग काउंटरच्या पलीकडून बघा. बाई अजून थरथरतेय. कोणीतरी तिला पाणी आणून दिलंय. मघाशी कोटाच्या आतून पिस्तूल दिसलं, त्याचा आवाज शांत होता, ड्रॉवर उघडताना तिच्या हातातून किल्ली पडली. आता साहेब आलेत. साहेब समोर बसून विचारतात, माणूस उंच होता का, केस कसे होते, बोलला काय. ती आठवून आठवून सांगते, कारण समोर पोलीस आहे आणि आता आपण सुरक्षित आहोत असं तिला वाटतंय. तिला धीर देणारा आवाज तोच आहे, ज्याने अर्ध्या दिवसापूर्वी तिच्याकडे पैसे मागितले. पुढे 1980 मध्ये जेव्हा तिने वर्तमानपत्रात तो चेहरा पाहिला असेल, तेव्हा तिला काय वाटलं असेल? त्यानंतर ती कधी पोलीस ठाण्याची पायरी चढली असेल का?

ताई, तुमच्या यजमानांना लागलं ते नेमकं इथे. पैसे बँकेचे गेले, विमा असतो, भरून निघतात. गेला तो त्या बाईचा वर्दीवरचा विश्वास. सहायक फौजदार होईपर्यंत त्यांनी उभा जन्म ठाण्यात घालवलाय. रात्री बाराला रडत आलेल्या बायका पाहिल्यात. चोरी झालेल्या म्हाताऱ्याला खुर्ची दिलीय. गणपतीत घरचा गणपती सोडून दुसऱ्यांच्या मिरवणुकीत पाय दुखेपर्यंत उभे राहिलेत. आपल्या खात्याचं ब्रीद आहे, सद्रक्षणाय खलनिग्रहणाय. ते पाठ असलेला प्रत्येक जण तसा वागतो असं मी म्हणणार नाही, तुम्ही लाईनीत राहता, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण जो माणूस जमेल तितकं तसं वागत आला, त्याच्यासमोर, त्याच्याच ताटाशेजारी बसून त्याच्याच मुलाने म्हणावं की वर्दीत राहून वर्दी विकणाऱ्याचं काय चुकलं? ते ताटावरून उठले, कारण त्यांना वाटलं की पोराने आपल्या उभ्या नोकरीचा हिशेब एका वाक्यात मांडला आणि उत्तर शून्य आलं.

मुलाला असं म्हणायचं नव्हतं. तो टेम्बिसाबद्दल बोलत होता, यजमानांना बँक ऐकू आली. दोघांनी एकाच चित्रपटाचे दोन वेगळे तुकडे धरून ठेवलेत आणि आपापल्या तुकड्याबद्दल दोघंही बरोबर आहेत. तुमच्या यजमानांनी तर तो पाहिलेलाही नाही, मुलाच्या तोंडून ऐकलाय.

आता वर जे पुढे लिहिते म्हटलं होतं ते. तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: सासरे हवालदार, त्यांचे वडील खात्यात, यजमान खात्यात, आता मुलगा भरतीला. मुलाला हे हवंय का, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

मला चुकीचं समजू नका. लाईनीत वाढलेल्या मुलाला वर्दीचं वेड असू शकतं आणि ते अगदी मनापासून असू शकतं. पण तो चित्रपट पुन्हा आठवा. वर्णद्वेष दूरचा, तो देश दूरचा, तो काळ तर तुमचा मुलगा जन्मायच्या कितीतरी आधीचा. त्यात तुमच्या मुलाच्या घरासारखं काय आहे? एक बाप, ज्याच्या नावाला खात्यात वजन आहे, आणि एक मुलगा, ज्याने तीच वाट धरावी हे गृहीत धरलेलं आहे. त्या चित्रपटात मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते बापलेकाच्या नात्याने. मारियस वायर्स या दक्षिण आफ्रिकन नटाने जनरलचं काम केलंय. मुलाच्या कर्तबगारीचा अभिमान मिरवणारा आणि मग मुलानेच मान खाली घालायला लावलेला बाप. तुमचा मुलगा “मीपण तेच केलं असतं” म्हणाला, ते बँक लुटण्याबद्दल नसण्याची शक्यता मला बरीच वाटते. वडिलांच्या वाटेवरून एकदा तरी बाहेर पडून बघायची ती ओढ असेल. नसेलही. मी त्याला भेटलेले नाही, त्यामुळे ठामपणे सांगणार नाही. पण त्याला विचारल्याशिवाय ते कोणालाच कळणार नाही आणि विचारायचं तुम्हीच, यजमानांनी नव्हे. वडिलांनी विचारलं तर तो हो म्हणेल. मनात नसतानाही.

विचारताना मात्र “तुला खरंच पोलीस व्हायचंय ना?” असं विचारू नका, त्याचं उत्तर प्रश्नातच आहे. पहाटे ग्राउंडवरून आला, घाम पुसत ओट्याशी उभा राहिला की विचारा, “घरात कोणीच पोलीस नसतं तर तू काय केलं असतंस?” आणि मग गप्प बसा. तो थट्टेवारी नेईल. नेऊ द्या. दोन दिवसांनी तो स्वतःहून परत येईल. “हेच केलं असतं” असं मनापासून आलं तर उत्तमच, मग 1600 मीटरची वेळ कशी कमी करायची ते बघू द्या त्याला. दुसरं काही आलं तर भरतीचा फॉर्म भरलाय म्हणून आयुष्याचं गणित पक्कं झालं असं नाही. तेव्हा यजमानांना समजावण्याचं काम मोठं असेल आणि त्यासाठी तुम्ही मला पुन्हा लिहा.

बापलेकाला बोलतं करण्याबद्दल. सगळ्यात आधी निरोप्याचं काम बंद करा, आजपासून. “चावी कुठे आहे विचार त्याला” असं आलं की “तो आत बसलाय” एवढंच सांगायचं. राग न करता, सहज. तुम्ही मध्ये आहात तोवर दोघांना अबोला परवडतो.

दुसरं, यजमानांना चित्रपट बघायला बसवायची घाई नको. त्यात उघडी दृश्यं आहेत, शिव्या आहेत, बापलेकाला एकत्र बघताना अवघडायला होईल. त्यापेक्षा मुलाला सांगा, “बाबांना त्या चित्रपटाबद्दल काही विचारू नकोस. त्यांना त्यांच्या नोकरीतला असा एखादा बंदोबस्त विचार, जिथे त्यांना वरून आलेला हुकूम पटला नव्हता.” प्रत्येक जुन्या पोलिसाकडे असा एक तरी दिवस असतो. लाठी उचलायला सांगितली आणि समोर ओळखीचा चेहरा निघाला. कोणाचं नाव घ्यायचं नाही असा फोन आला. तेव्हा त्यांनी काय केलं? कदाचित काही तरी धीराचं केलं असेल, कदाचित मान खाली घालून हुकूम पाळला असेल आणि ते आजवर मनात असेल. दोन्ही मुलाने ऐकायला हवं. सडलेल्या सिस्टीममध्ये माणूस रोज कसा उभा राहतो, कुठे वाकतो, कुठे नाही वाकत, हे त्याला कोणताही चित्रपट सांगू शकणार नाही, त्याच्या घरात बसलेला माणूस सांगू शकतो. आणि यजमानांनाही कळेल की पोरगा आपल्याला मोडीत काढत नाहीये, विचारतोय.

यजमानांना तुम्ही वेगळं सांगा. “त्याने चोराचं कौतुक केलं नाही. शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या त्याची चीड आली त्याला. ती चीड घेऊन पोलिसात गेलेला मुलगा तुम्हाला हवा की ती नसलेला?” हे जेवताना बोलू नका. ड्युटीवरून आल्या आल्याही नको. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारची झोप झाल्यावर, चहाबरोबर. एकदाच बोला आणि विषय सोडून द्या. लगेच हो म्हणतील अशी अपेक्षा धरू नका. त्यांनी त्या रात्री मुलासाठी टॉर्च चार्जिंगला लावून ठेवला किंवा पहाटेचा गजर लावून दिला, तर ते त्यांचं हो समजा.

शेजारच्या वहिनींशी वाद घालायची गरज नाही. चित्रपट बघून मुलं बिघडतात असं त्यांना वाटतं, तर वाटू द्या. पण त्या हे मुलासमोर बोलत असतील तर त्यांना थांबवा. भाचीला माझ्याकडून सांगा की चित्रपट तिच्या मावशीला पुरता कळला. रात्रभर झोप उडाली ती म्हणूनच.

आणि एक. लेखी परीक्षेची किंवा मैदानीची तारीख आठवड्याभरावर आली असेल, तर यातलं काहीही आत्ता काढू नका. फक्त निरोप पोचवणं बंद करा. बाकी सगळं परीक्षा झाल्यावर.